पेचकसानं उघडते ती गिटार घे

गिटार घ्यायची असलेल्या एका वाचकाचं पत्र जरा कापून देतो आहे, खाली माझं उत्तर. नाव-गाव त्यानं छापू नका म्हटलं, म्हणून ते सोडलं.

"दादा, मी ब्रह्मपुरी तालुक्यातला. वय २३. घरी चार एकर धान. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या (आमच्या पूर्व विदर्भातल्या) नाटकांत गिटार वाजवतो, उन्हाळ्यात भीमगीतांचे कार्यक्रम आणि लग्नाचे ऑर्केस्ट्रा. सध्या साधी पोकळ गिटार आहे, तिला वरून चिकटवायचा पिकअप (तारांची थरथर पकडून अँपला पाठवणारा) लावतो. आवाज वाढवला की ती कुई करते आणि ऑर्गनवाले काका डोळे वटारतात. म्हणून इलेक्ट्रिक घ्यायची आहे. मला जुन्या वळणाची आवडते, १९५० च्या काळातली, लोण्याच्या रंगाची आणि काळ्या पट्टीची. जमा २४ हजार. तीन गिटारी पाहून ठेवल्या. पहिली ऑनलाइन, अनोळखी कंपनीची, रंग मुद्दाम खरवडून जुनी केलेली, ब्रिजला, म्हणजे अंगावर तारा बसतात त्या भागाला, सूर लहरवायची दांडी असलेली. सोबत अँप, बॅग, पट्टा सगळं मिळून ९ हजार. दुसरी नामांकित कंपनीच्या जुन्या डिझाइनच्या मालिकेतली, ४० हजारांच्या वर, पण हप्त्यावर मिळते. तिसरी नागपूरचा एक जण 'ओरिजिनल अमेरिकन फेंडर' म्हणून २२ हजारांत देतो. मित्र म्हणतात पहिल्या दोन डुप्लिकेट आहेत, तिसरी घे. बाबा म्हणतात, 'बाजा वाजवून का पोट भरते का रे?' काय करू?"

भाऊ, तिसरी आधी निकालात काढू, कारण तिच्यात २४ पैकी २२ हजार एका फटक्यात बुडतात. अमेरिकेत बनलेली फेंडर नवी घ्यायला गेलास तर लाखाच्या वर जाते. ती कुणी २२ हजारांत विकत असेल तर एक तर चोरीची, नाही तर नावाची चिठ्ठी चिकटवलेली. सिरियल नंबर आहे म्हणून भुलू नको, नंबरही छापता येतो. त्या माणसाला एवढंच म्हण : नेकचे, म्हणजे मानेचे, मागचे चार स्क्रू माझ्यासमोर काढ, आतले शिक्के बघतो. तो टाळाटाळ करायला लागला की समजून जा.

तुझ्या मित्रांनी डुप्लिकेटचा हिशेब नेमका उलटा मांडला आहे. फेंडरच्या जुन्या गिटारींच्या अंगाचा आकार अमेरिकेत कुणा एकाचा ट्रेडमार्क नाही. फेंडरनं ते आकार तिथं ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचा प्रयत्न केला होता. २००९ मध्ये तिथल्या ट्रेडमार्क मंडळानं तो फेटाळला, कारण तोवर कितीतरी कंपन्या वर्षानुवर्षं तेच आकार बनवत होत्या. शेंड्याचं, म्हणजे हेडस्टॉकचं, मात्र वेगळं आहे. तो आकार आणि त्यावरचं नाव ही कंपनीची ओळख असते. १९७७ मध्ये गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन गिटार ब्रँडच्या मालक कंपनीनं आयबानेझ या जपानी ब्रँडच्या अमेरिकेतल्या वितरकाला कोर्टात ओढलं ते हेडस्टॉकवरूनच. म्हणून अंग जुन्या वळणाचं, शेंडा वेगळा आणि नाव स्वतःचं असेल तर ती गिटार सरळ मालाची. अंगही तेच, शेंडाही तोच आणि नाव दुसऱ्याचं असेल तर ती नकली. तुला 'ओरिजिनल' म्हणून देतात ती या दुसऱ्या जातीची असण्याची शक्यता फार मोठी.

आणि तुझी दुसरी गिटार बहुधा स्क्वायरची असावी. स्क्वायर हे तर फेंडरच्याच घरातलं स्वस्त नाव आहे. १९७० च्या दशकात जपानी कंपन्या फेंडर-गिब्सनच्या इतक्या चांगल्या नकला बनवायला लागल्या की शेवटी फेंडरनं स्वतःच जपानात कारखानदारांना हाताशी धरलं आणि १९८२ पासून स्क्वायर नावानं स्वस्त गिटारी काढल्या. आपल्याच डिझाइनची स्वस्त आवृत्ती आपणच काढली तर तिला डुप्लिकेट कोण म्हणणार? एपिफोन हेही आज गिब्सनच्या घरातलं असंच स्वस्त नाव आहे.

आता मुद्द्याचं. तुला १९५० ची गिटार का आवडते? रंग आवडतो, पट्टी आवडते, फोटोत छान दिसते. ठीक आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ती तशी का बनली हे कळलं तर तू विकत घेताना दुसऱ्याच गोष्टी बघशील.

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्तीवाला. १९३८ पासून त्याचं दुकान होतं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याच्याकडे नाचगाण्याच्या ठिकाणी वाजवणारे लोक अँप दुरुस्त करायला आणायचे, आणि त्या काळच्या पोकळ गिटारींची अडचण तीच होती जी तुझी आहे. स्पीकरचा आवाज पोकळ अंगावर आदळतो, अंग थरथरतं, तारा थरथरतात, पिकअप ती थरथर पुन्हा स्पीकरला पाठवतो आणि कुई सुरू होते. यावर फेंडरनं अंगच भरीव लाकडाचं केलं. १९५० मध्ये दोन पिकअपची भरीव गिटार बाजारात आली. तिचं पहिलं नाव ब्रॉडकास्टर, पण ग्रेश कंपनीचे त्याच नावाचे ड्रम आधीपासून असल्यानं १९५१ मध्ये ते बदलून टेलिकास्टर झालं. तुझी लोण्याच्या रंगाची, काळ्या पट्टीची ती हीच.

त्या माणसानं ती बनवली कशी, ते बघ. अंग म्हणजे सपाट फळी, कापून घासलेली. नेक डिंकानं न चिकटवता चार स्क्रूंनी आवळलेला, खराब झाला तर काढायचा आणि दुसरा बसवायचा. आवाजाचं बटण, टोनचं बटण आणि स्विच एका पत्र्यावर, आणि तो पत्रा दोन स्क्रूंवर. आत बटणांखालचे दोन पॉट, एक कपॅसिटर, एक तीन जागांचा स्विच, वायर घालायचा जॅक. संपलं. तुमच्या गावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे ना? त्याच्याकडे सोल्डर गन असतेच. टेलिकास्टरच्या पोटात असं काही नाही जे त्याला जमणार नाही. रेडिओवाल्यानं रेडिओवाल्याच्या डोक्यानं बनवलेली वस्तू आहे ती. ब्रह्मपुरीत गिटार दुरुस्त करणारा कारागीर तुला मिळायचा नाही, नागपूरला जायचं म्हणजे दिवस आणि भाडं दोन्ही जातं. म्हणून माझ्या मते तुझ्यासाठी जुन्या डिझाइनचा सगळ्यात मोठा गुण तिच्या दिसण्यात नाही, ती पेचकसानं उघडते आणि पेचकसानं बंद होते यात आहे. पैसे त्याचे मोज.

गिब्सनची लेस पॉल १९५२ ची, तीही जुनी, तीही देखणी, तिच्या वळणाच्या स्वस्त गिटारी भरपूर मिळतात. तुला मी ती सुचवणार नाही. तिचा नेक बहुतेक चिकटवलेला असतो आणि शेंडा मागे कललेला. गिटार स्टँडवरून मागे पडली की नेमकी तिथं मोडते. तुमचं सामान रात्री मेटॅडोरमध्ये पडद्यांच्या गुंडाळ्या आणि पेट्यांखाली दाबून जातं, हे तूच पत्राच्या कापलेल्या भागात लिहिलं आहेस. टेलिकास्टरचा शेंडा सरळ फळीतूनच कापलेला असतो, तो असा सहज मोडत नाही.

(स्वस्त आणि जुनं म्हटलं की मला डॅनइलेक्ट्रो आठवते. १९५० च्या दशकात न्यू जर्सीच्या नेथन डॅनियलनं लाकडी चौकटीवर हार्डबोर्ड ठोकून गिटारी बनवल्या, पिकअप लिपस्टिकच्या धातूच्या नळ्यांत भरले आणि सिअर्स या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानाच्या कॅटलॉगमधून विकल्या. १९६२ पासून तर गिटारच्या पेटीतच अँप बसवून द्यायचे. आज त्याच्या नकलाही महाग झाल्या आहेत. स्वस्ताई कधी फॅशन होईल सांगता येत नाही.)

आता पहिल्या पर्यायाकडे, ९ हजारांचा संच. त्यात मला दोन गोष्टी नडतात. एक, ती दांडी. दांडीचा ब्रिज मागच्या स्प्रिंगांवर तोललेला असतो; एक तार तुटली की ताण बदलतो आणि उरलेल्या पाचही तारा सुरातून जातात. रात्री दोन वाजता, तिसऱ्या अंकात, नायिकेचं गाणं सुरू असताना हे झालं तर काकांचे डोळे वटारणं परवडलं असं म्हणशील. तुला स्थिर ब्रिज हवा. (कुणाकडून दांडीवाली फुकट मिळाली तर मागचं झाकण उघडून स्प्रिंगच्या पट्टीचे दोन्ही स्क्रू आवळ, म्हणजे ब्रिज अंगाला टेकून बसेल आणि त्रास बराच कमी होईल.) दुसरी गोष्ट, पैसा कुठे गेला हे बघ. ९ हजारांत गिटार, अँप, बॅग, पट्टा, वर रंग खरवडायची मजुरी. मग ट्यूनरला (तारा पिळायच्या खुंट्या), नटला (शेंड्याजवळची खाचांची पट्टी) आणि फ्रेट (बोटपट्टीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) घासायला काय उरलं असेल? मुद्दाम झिजवलेल्या गिटारी फेंडरच्या कस्टम शॉपनं १९९५ मध्ये आणल्या, त्या महागड्या आहेत आणि त्यांच्या किमतीत हातमजुरी असते. स्वस्तात मिळते ती नुसती खरवड. तुझी गिटार झाडीपट्टीचे दोन सीझन फिरली की आपोआप झिजेल, आणि तेही फुकटात.

दुसरा पर्याय चांगला आहे, हे आधी सांगतो. जुन्या डिझाइनच्या त्या मालिकांत पिकअपला अल्निकोचे चुंबक असतात, म्हणजे लोखंड, अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचे. स्वस्तात सिरॅमिकचे येतात आणि त्यांचा आवाज जरा कर्कश लागतो. नेकला पिवळसर झळाळी असते, ट्यूनर जुन्या धाटणीचे. घरी बसून वाजवताना फरक कळतो. बिछायतवाल्याच्या, म्हणजे मांडववाल्याच्या, साउंडवर, समोर दोन हजार माणसं आणि बाजूला ऑक्टोपॅड असताना मला तरी कळणार नाही. आणि मुख्य अडचण हप्त्याची. हप्ता दर महिन्याला येतो, धानाचा पैसा वर्षातून एकदा. तोही खरेदी केंद्रावर धान टाकल्यावर चुकारे कधी जमा होतील ते खरेदी केंद्रालाच ठाऊक. नाटकाच्या नाईटचे पैसे चार महिने येतात, आठ महिने येत नाहीत. अशा कमाईवर बारा महिन्यांचा हप्ता बांधू नको.

मग घ्यायची कोणती? टेलिकास्टरच्या वळणाची, स्थिर ब्रिजची, नाव असलेल्या कंपनीची, तिच्या सगळ्यात खालच्या किंवा त्याच्या वरच्या पायरीची. स्क्वायरमध्ये खालच्या पायरीवर सोनिक आहे, वर अॅफिनिटी, त्याच्याही वर क्लासिक व्हाइब. तुझी ती ४० हजारांची बहुधा हीच. सोनिक आणि अॅफिनिटी दोन्ही पॉपलरच्या लाकडाच्या, सिरॅमिक पिकअपच्या. लाकडाचं मनावर घेऊ नको. गिटारला १७ हजारांच्या वर जाऊ नको. त्यात नवी बसत नसेल तर वापरलेली बघ. नागपूरच्या इंजिनियरिंग कॉलेजांच्या होस्टेलात शेवटच्या वर्षाची पोरं सामान आवरताना अशा गिटारी काढून टाकतात, आणि त्या बहुतेक वाजवलेल्याच नसतात. आपल्या देशातल्या कंपन्याही या वळणाच्या गिटारी विकतात. खाली सांगितल्या चाचण्या पास झाली तर तीही घे, नाव नको बघू.

एक सांगून ठेवतो : जुन्यासारखी दिसणारी घे, पण सगळं जुन्यासारखं असलेली शोधू नको. १९५० च्या दशकातल्या काही गोष्टी आज तुला त्रासच देतील. तेव्हा बोटपट्टीचा गोलावा जास्त असायचा, सव्वासात इंच त्रिज्येचा. तारा खाली बसवल्या की उंच सुरावर तार ओढताना आवाज मध्येच मरतो. आजच्या बहुतेक गिटारींत साडेनऊ इंच किंवा अधिक असते, त्यात हा त्रास कमी. जुन्या टेलिकास्टरच्या ब्रिजवर सहा तारांना तीनच सॅडल, म्हणजे तारेखालचे आधार; त्यामुळे दोन तारांचा सूर एकत्र जुळवायचा. तुला सहा सॅडलवाला ब्रिज घे. आणि नेकच्या आतली सळई, ट्रस रॉड, जुन्यात नेकच्या बुडाशी फिरवायची असायची, म्हणजे दरवेळी नेक ढिला करणं आलं. तुला शेंड्याकडून फिरवता येणारी हवी. का, ते पुढच्या परिच्छेदात. पातळ नायट्रो लाखेचा रंग ज्यांना हवा त्यांना असू दे. उकाडा-गारव्याच्या झटक्यात त्याला भेगा पडतात. स्वस्त गिटारीचा जाड पॉली रंग घामाला, पावसाला आणि धक्क्यांना जास्त टिकतो.

तुमच्याकडे मे महिन्यात ४५-४६ अंश. हवा अशी कोरडी की बोटपट्टीचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटांना टोचायला लागतात. मग रोवणीच्या दिवसांत तेच लाकूड ओल पिऊन फुगतं. नेकचा बाक प्रत्येक ऋतूत थोडा बदलतो, त्याला इलाज नाही, तो सरळ करायला शिकावं लागतं. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार एकदम दाब. मधल्या, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी, साधारण पाव मिलिमीटर. फट जास्त असेल तर सळई घड्याळाच्या दिशेनं, कमी असेल तर उलट. एकावेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही, आणि जड गेली तर थांब. फ्रेटची टोकं टोचत असतील तर बारीक कानसनं, पट्टीवर टेप लावून, हलक्या हातानं घास.

आणि कूलर! विदर्भातल्या प्रत्येक घरात गिटार उन्हाळ्यात कूलरच्या वाऱ्यात भिंतीला टांगलेली दिसते. दिवसभर ओली हवा, कूलर बंद झाला की भट्टी. लाकडाचं काय होतं ते वर सांगितलं, आणि तारा तर आठवड्यात गंजतात. गिटार बॅगेत, बॅग आतल्या खोलीत, पत्र्याच्या छताखाली नाही. वाजवून झालं की तारा सुक्या फडक्यानं पूस, वरून आणि खालून.

आता जे सांगतो ते घरच्यांनाही वाचून दाखव. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजमधून आणि वायरमधून अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. म्हणजे अर्थिंग नीट असेल तर तू सुरक्षित, आणि नसेल तर अँपमध्ये गळती झाली की तीच वीज तुझ्या हातातल्या तारांवर. खेड्यात तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे बऱ्याचदा वायरच नसते, हे तू कुठल्याही वायरमनला विचार. त्यात माईक दुसऱ्या बोर्डावरून, गिटारचा अँप तिसऱ्याच बोर्डावरून. हात तारांवर आणि ओठ माईकला लागले की फरकाचा करंट तुझ्या छातीतून जातो. यात माणसं गेलेली आहेत.

म्हणून घरी आधी अर्थिंगचा खड्डा करून घे, कोळसा-मीठ घालून, आणि मेनला ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, बसवायला सांग. कार्यक्रमात गिटारचं सगळं सामान साउंडवाल्याच्याच बोर्डावर लाव. वाजवण्याआधी साउंडवाल्याच्या मल्टिमीटरनं गिटारच्या तारा आणि माईकची जाळी यांच्यातला एसी व्होल्टेज मोज. दोन-चार व्होल्टच्या वर दाखवला तर वायर काढ आणि बोर्ड बदलायला लाव. काका रागावले तरी चालतील. घों-घों कमी व्हावी म्हणून प्लगची अर्थची पिन कुणी तोडत असेल तर त्याला मंचावरून खाली उतरव. आणि हाताशी थोडे पैसे आले की गिटारसाठी बॅटरीवर चालणारा छोटा वायरलेस घे. वायरच नसल्यानं तारा आणि अँप यांच्यातला विजेचा रस्ताच तुटतो.

घों-घों येणारच. टेलिकास्टरचे पिकअप एका वेटोळ्याचे असतात, ते आसपासच्या ५० हर्ट्झची गुणगुण पकडतात : जुन्या ट्यूबलाइटचा चोक, इन्व्हर्टर, कूलरची मोटर. अंग थोडं वळवलंस की ती कमी-जास्त होते, त्यातली कमी गुणगुणीची जागा शोधून तिथं उभा राहा. आजच्या बऱ्याच गिटारींत स्विच मधल्या जागी ठेवला की दोन पिकअप मिळून ती खोडून काढतात. जनरेटरवरच जास्त कार्यक्रम असतील आणि हे सहनच होणार नसेल तर दोन वेटोळ्यांच्या हंबकर पिकअपची टेलिकास्टर बघ. तीही जुन्याच वळणाची आहे. गिब्सनमध्ये १९५५ च्या सुमारास हंबकर तयार करणारा सेथ लव्हर पुढे फेंडरकडे गेला आणि १९७२ च्या टेलिकास्टर डिलक्सला त्याचे हंबकर लागले.

अँपचं थोडक्यात. भजन मंडळाच्या अहुजाच्या मशिनला माईकच्या भोकात गिटार लावायचा मोह होईल. आवाज पातळ आणि टोचरा येईल, कारण ते भोक गिटारच्या पिकअपसाठी नाही आणि भोंगा तर नाहीच नाही. गिटारच्या अँपचा स्पीकर वरचे टोचरे सूर स्वतःच गाळतो. ते गाळायचं काम इथं कुणीतरी करायला हवं. म्हणून उरलेल्या पैशात छोटा मल्टिइफेक्ट, म्हणजे गिटारचा आवाज घडवणारा डबा, घे, ज्यात स्पीकरची नक्कल, म्हणजे कॅबिनेट सिम्युलेशन असेल आणि हेडफोन लागत असेल. कार्यक्रमात तो सरळ मिक्सरला, घरी रात्री हेडफोनवर. घरच्यांची झोप मोडणार नाही हे बाबांना आधी सांग. वेगळा अँप पुढच्या वर्षी. बाकी एक बरी वायर, ९ ते ४२ गेजच्या तारांचे दोन संच आणि पहिल्या तारेच्या सुट्या चार-पाच. पहिलीच जास्त तुटते.

गिटार हातात आली की, दुकानात असो वा कुरिअरचा खोका उघडून, आधी ही बघणी कर. खोका उघडताना मोबाईलवर व्हिडिओ चालू ठेव. बुडाकडून नेकवर एक डोळा लावून बघ, पिळलेला दिसला तर परत. वाक सळईनं निघतो, पीळ निघत नाही. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजव, एकही सोडू नको, आणि जिथं झरझर आवाज येतो तिथं खूण कर. पहिली तार बाराव्या फ्रेटवर एक पूर्ण सूर वर ओढ. मध्येच मेली तर विचार कर. पहिली आणि सहावी तार पट्टीच्या कडेपासून सारख्या अंतरावर आहेत का बघ. ट्यूनर अॅपवर मोकळी तार जुळव, मग पहिल्या फ्रेटवर हलक्या हातानं दाब. सूर बराच चढा आला तर नटची खाच उंच राहिली आहे, एफचा कॉर्ड कधीच सुरात लागणार नाही. नट घासून घेता येतो, त्यासाठी किंमत कमी करून माग. शेवटी स्विच आणि बटणं फिरवून करकर येते का ते बघ. ती आली तरी घाबरू नको, कॉन्टॅक्ट क्लीनरच्या एका फवाऱ्याचं काम असतं.

आता बाबा. ते संगीताबद्दल बोलत नाहीत, हप्त्याबद्दल बोलत आहेत. चार एकराच्या घरात २४ हजार म्हणजे खताचा आणि रोवणीच्या मजुरीचा पैसा. तू पत्रात नाईटचे किती मिळतात ते लिहिलं नाहीस, पण बाबांना ते लिहून दाखव : गेल्या सीझनला किती नाईट, किती आले, तारांवर किती गेले, आणि कुईमुळे कुठल्या नाटक कंपनीनं पुन्हा बोलावलं नाही. गिटारचा पैसा एका सीझनमध्ये निघत असेल तर ते आकड्यातच दिसेल आणि बाबांना आकडे कळतात. निघत नसेल तर यंदा नुसता मल्टिइफेक्ट आणि चांगला पिकअप घे, गिटार पुढच्या वर्षी. आणि किंमत कमी करून सांगू नको. आपल्याकडची पोरं १७ हजारांची वस्तू ७ हजारांना आणली म्हणून सांगतात, मग ती कधी विकायची वेळ आली की बाप ७ हजारांनाच देऊन टाकतो.

पोळा झाला की मागव, दिवाळीची वाट बघू नको. वडशाच्या नाटक कंपन्यांच्या तालमी सुरू व्हायच्या आधी महिना-दीड महिना हाताखाली राहिली पाहिजे, म्हणजे परत करायची असेल तर मुदतीत करता येईल आणि नेकही एकदा ओल्या हवेत, एकदा कोरड्या हवेत तपासून होईल. पहिला स्क्रू फिरवण्याआधी ब्रिजचे, नेकच्या जोडाचे आणि पत्र्याखालच्या वायरींचे फोटो काढून ठेव. काही बिघडलं तर मोबाईलवाल्याला तेच दाखवायचे आहेत.